जिथं चहा पोचतो तिथली हुमणी

सासरवाडीत जावयाचं बोलणं कोणी खोडून काढत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला हा माझ्या विद्वत्तेचा प्रताप वाटायचा. तो नुसता नात्याचा प्रताप होता हे कळायला एक अळी मधे यावी लागली. अळीही कोण, तर हुमणी. पांढरी, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, सदा वेटोळं करून पडलेली. दुपारच्या जेवणानंतर दिवाणावर मी दिसतो, साधारण तशीच.

मी बारामतीच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. सासर इंदापूर तालुक्यात. लासुर्ण्याच्या पुढं आत वळलं की उसात गळ्यापर्यंत बुडालेलं गाव लागतं, ते. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणतो. सासूबाई मामी. मेव्हणा मला दाजी म्हणतो आणि मी काहीही बोललो तरी, "दाजी म्हनत्यात म्हंजी बरोबरच आसंल," अशी पुस्ती जोडतो. असा मेव्हणा प्रत्येक प्राध्यापकाला मिळावा. विद्यार्थी तसे मिळत नाहीत.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला धोंड्याचं जेवण करायची आमच्याकडं रीत. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, आणि त्या दिवसापुरते लेक-जावई म्हणजे साक्षात लक्ष्मीनारायण. लक्ष्मी माहेरी आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात जाते. नारायण पाटावर बसतो आणि "बास, बास" म्हणत ताट पुढं करतो. मीही केलं. कितव्या धोंड्याला थांबलो ते मला सांगता येणार नाही. मोजणीतला माझा कच्चेपणा तिथूनच सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

हात धुतले, सुपारी झाली, आणि आबांनी विषय काढला.

"जावईबापू, तुमी जनावरांचं प्रोफेसर. हुमणी ह्ये जनावरच की."

"जनावरच," मी म्हणालो. एवढं मला नक्की माहीत होतं. खरं म्हणजे एवढंच माहीत होतं. माझा अभ्यास बेडकांचा. हुमणी मी बाटलीत पाहिली होती, तीही चिठ्ठी वाचून ओळखलेली.

आबांच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, एका कडेला ऊस पिवळा पडायला लागला होता. धरून ओढलं की अख्खं बेट हातात यायचं, कारण खाली मुळंच राहिली नव्हती. आजूबाजूच्यांनी आपापल्या रानात जालीम औषध ओतलं होतं. ओतावं का, एवढाच आबांचा प्रश्न. पण तो एवढासा नव्हता. कितीतरी वर्षांपासून आबांनी त्या रानात औषधाचा थेंब टाकला नव्हता. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, कधी पेटवलं नाही, सरीतच कुजवलं. गावात कोणी नवं माणूस आलं की लोक त्याला देऊळ दाखवतात. आबा पाचट बाजूला सारून गांडुळं दाखवायचे. मलाही लग्न ठरायच्या वेळी आधी गांडुळं दाखवली होती, नवरी नंतर. मी गांडुळांचं तोंडभरून कौतुक केलं, आणि आमचं लग्न त्याच जोरावर जमलं असा माझ्या बायकोचा आजही दावा आहे.

तर प्रश्न असा होता की जमिनीत हुमणी नेमकी किती आहे. थोडी असली तर औषधाची गरज नाही. रानभर असली, तर मात्र ऊस वाचवायला औषध ओतावंच लागेल, आणि गांडुळांवर पाणी सोडावं लागेल.

"किती खड्डं घ्यायचं?" आबांनी विचारलं.

खरं तर तिथंच मी "बघून सांगतो" म्हणायला हवं होतं. पण पोटात धोंडे होते आणि अंगात नारायण. "पाच," मी म्हणालो. "पाचामुखी परमेश्वर."

"दाजी म्हनत्यात म्हंजी बरोबरच आसंल," मेव्हणा म्हणाला आणि कुदळ घेऊन निघालासुद्धा.

मी चपला शोधेपर्यंत मामींनी मला अडवलं. "आत्ताच जेवलाय. आंगावर नवी कापडं हायती. तुमी सावलीत बसा, आमची मान्सं खांदत्यात." जावयानं सासरच्या रानात कुदळ मारायची म्हणजे सासऱ्याची अब्रू गेली. ते मला मान्य होतं. आरामाच्या बाबतीत मी परंपरेचा कडवा अभिमानी आहे.

बांधावर एक जुना, मोठा लिंब, म्हणजे कडुलिंब, होता. त्याच्या खाली माझ्यासाठी खुर्ची टाकली. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या. आणि खड्डे? खड्डे माझ्या समोर, लिंबाच्या सावलीलगतच्या सऱ्यांत, मला खुर्चीतून नीट दिसावेत असे. एक एक खड्डा असा ऐसपैस की नारळाचं रोप लावावं. प्रत्येक खड्ड्यातून ओंजळ भरून हुमण्या निघत होत्या. मेव्हणा त्या घमेल्यात टाकून माझ्यापुढं धरायचा आणि मी चहाचा घोट घेऊन गंभीरपणे मान हलवायचो. बांधापलीकडचे तात्या, आबांच्या शेजारच्या रानाचे मालक, तंबाखू मळत उभे होते.

"आबा, जावय पान्यातलं बी बगत्यात का? आमच्या हिरीत कायतरी हाय."

"आधी जिमिनीतलं होऊ दे तात्या," आबा म्हणाले. आवाजात अभिमान होता.

पाचवा खड्डा झाल्यावर मी उठलो. घमेलं वळवळत होतं. सरासरी काढली, रानाला गुणली, आणि जो आकडा आला त्यानं माझेच डोळे फिरले. माझ्या हिशेबानं त्या रानात मातीपेक्षा हुमणी जास्त होती. "आबा," मी म्हणालो, "रान पोखरलंय. सगळंच्या सगळं. औषधाशिवाय इलाज नाही."

आबा खाली वाकले, पाचट बाजूला केलं, मूठभर माती उचलली. तीत दोन-तीन गांडुळं हलत होती. त्यांच्याकडं बघतच म्हणाले, "ह्यांला औषधाच्या आधी कुठं दुसरीकडं हलवता येतंय का? चार दीस?"

मी नाही म्हणालो. शास्त्राचे दाखले देऊन नाही म्हणालो, याचा मला आजही राग येतो. मग त्यांनी माती होती तिथं ठेवली, वर पाचट ओढलं, आणि मेव्हण्याला सांगितलं, "औषधवाल्या पोरांना सांग. गुरवारी या म्हनावं. सबंद रानाला."

"आबा, जरा थांबून..." मेव्हणा पहिल्यांदाच माझ्या शब्दावर चाचरला.

"थांबायचं कशापायी? धोंड्याच्या दिशी जावयाचा शबूद खाली पडू द्यायचा न्हाय."

संध्याकाळी बायको नळावर भांडी घासत होती. मी तिथं उभा राहून दुपारची कथा रंगवून सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "अहो, खड्डे कुठं घेतले?"

"रानात."

"रान मोठं आहे. रानात कुठं?"

"लिंबाजवळ. का?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझं माहेर मला माहीत आहे. तुमच्यापर्यंत चहा निवू नये इतक्या अंतरावरच खड्डे घेतले असणार. म्हणजे तुम्ही जिथं चहा पोचतो तिथली हुमणी मोजलीत."

मी हसण्यावारी नेलं. पण अंथरुणावर पडल्यावर हसू येईना. वळवाच्या वेळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात. येऊन कुठं बसतात? लिंबावर, बाभळीवर, बोरीवर. पाला खातात, तिथंच जुळतात, आणि खाली उतरून जवळच्या जमिनीत अंडी घालतात. हे मी परीक्षेला विचारतो. दहा मार्कांना. आणि ज्या झाडाखाली त्यांचं लग्न लागलं, त्याच झाडाखाली खुर्ची टाकून मी त्यांची खानेसुमारी केली होती.

आता शहाणा माणूस इथं काय करील? कोणाला तरी विचारील. मी सकाळी उजाडल्या उजाडल्या, घरातलं कोणी उठून मला अडवायच्या आत, कुदळ घेऊन निघालो आणि उसाच्या पार पोटात जाऊन पाच खड्डे घेतले. होय, पुन्हा पाचच. परमेश्वरावर श्रद्धा होती. पाचही खड्डे कोरडे ठणठणीत. हुमणीचं नाव नाही. पानांनी गाल कापून घेतले, सदऱ्यात कुसं भरून घेतली आणि विजयी वीरासारखा अंगणात आलो.

"आबा, एकही नाही!"

आबा दात घासत होते. चूळ भरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काल म्हनलासा, रान खाल्लं. आज म्हनतासा, एकबी न्हाय. मंग रातीत गेली कुठं? यष्टीनं?"

मेव्हणा म्हणाला, "दाजी म्हनत्यात म्हंजी..." आणि पुढं त्याला वाक्य सापडेना.

मामी मात्र माझ्या गालाला हळद लावता लावता आबांवर करवादल्या. "जावय उसात गेलंच कसं? मान्सं काय म्हनतील? शेजारनी इचारत्यात, जावयाला गुप्तधन घावलंय का म्हून."

आबांनी शांतपणे हिशेब मांडला. दोन्ही बोलणी जावयाचीच, तेव्हा एकही खोटं धरता येत नाही. पण पहिलं खरं असलं तर ऊस जातो. "गुरवार ठरलाय, तर ठरलाय." आणि मी बारामतीला परतलो. धोंड्याचं ताट, टॉवेल-टोपी, आणि एका माणसाचं जन्मभर जपलेलं रान बुडवायला निघालेला माझा शब्द, एवढं बरोबर घेऊन.

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या एक बाई आहेत. माझी आणि त्यांची मैत्री यासाठी की त्या डब्यात लसणाची चटणी आणतात. सोमवारी मी चटणीला हात न लावता बसलो, तेव्हाच त्यांना संशय आला. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाच का?"

"पाचामुखी परमेश्वर."

"परमेश्वर सगळीकडं सारखा पसरलेला असतो सर. त्याला पाच पुरतात. एकसुद्धा पुरेल. हुमणी परमेश्वर नाही."

हे वाक्य मी आता वर्गात माझं म्हणून सांगतो. त्यांना माहीत आहे.

मग त्यांनी मला बारामतीच्या एसटी स्टँडवर नेलं, म्हणजे बोलण्यात. "समजा, स्टँडवर किती माणसं आहेत ते तुम्हाला काढायचंय. सगळी मोजायची नाहीत. पाच फरश्या निवडायच्या आणि त्यांच्यावरची मोजायची. पुण्याची गाडी लागलेली असते तिथल्या फरश्या निवडल्या तर?"

"लाखभर माणसं निघतील."

"आणि ती गाडी नुकतीच सुटून गेलेल्या जागेच्या निवडल्या तर?"

"स्टँड ओसाड."

"दोन्ही वेळा तुम्ही खरं मोजलंत आणि दोन्ही वेळा उत्तर खोटं. माणसं सारखी पसरून उभी असती तर पाच फरश्यांवर भागलं असतं. ती घोळक्यानं उभी असतात. घोळके जेवढे दाट, तेवढ्या जास्त फरश्या लागतात. आणि फरशी लहान असली तरी चालेल, पण ठिकाणं पुष्कळ हवीत. तुमच्या मेव्हण्यांचे ते नारळाचे खड्डे म्हणजे एकाच घोळक्यात शिरून सगळ्यांची नावं विचारण्यासारखं झालं."

"मग नक्की किती खड्डे? एक आकडा सांगा."

"तो आकडा घरी बसून निघत नाही. आधी थोडे घ्या. आकडे एका खड्ड्यातून दुसऱ्यात किती उड्या मारतात ते बघा. उड्या मोठ्या असतील तर आणखी घ्या. नसतील तर थांबा. झाडाकडचा पट्टा वेगळा धरा, बाकीचं रान वेगळं. आणि सर, तुम्हाला हुमण्या मोजायच्यात, का औषध ओतायचं की नाही ते ठरवायचंय?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. कॉलेजात इतकी वर्षं शिकवून माणसाला आकडा दिसतो, आकड्याची गरज कोणाला आहे ते दिसत नाही.

"ठरवायचंय," मी म्हणालो.

"मग अगदी नेमका आकडा नको. रान सगळं खाल्लंय, का एक कोपरा खाल्लाय, एवढं नक्की कळेपर्यंत खणा. आणि जागा तुम्ही निवडू नका. तुमच्या सासरच्यांना तर अजिबात निवडू देऊ नका." डब्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "प्रेमळ माणसांच्या हातात नमुना द्यायचा नसतो."

बुधवारी रजा टाकून मी हजर झालो. आबा गोठ्याकडं होते. मी सांगितलं, "माझं चुकलं असेल. परत मोजायचंय. उद्या औषधाची टाकी येण्याच्या आत." त्यांनी नुसती मान हलवली. पण जी बादली ते उचलत होते ती तशीच खाली ठेवली, ते मी पाहिलं.

जागा कशा निवडायच्या हा प्रश्न मामींनी सोडवला. मामींची बायकांची भिशी आहे, आणि तिची सोडत एका स्टीलच्या डब्यातून निघते. मी चिठ्ठ्यांवर सऱ्यांचे आकडे आणि सरीत किती पावलं जायचं ते लिहिलं, लिंबाकडच्या पट्ट्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि आतल्या रानाच्या वेगळ्या. मामींनी डबा कानाशी धरून हलवला, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि चिठ्ठ्या काढायला लागल्या. कुलदैवत संख्याशास्त्राच्या बाजूनं होतं. चिठ्ठ्या अशा निघाल्या की एकही जागा सोयीची नव्हती.

"दाजी, ही चिठ्ठी परत टाका," मेव्हणा म्हणाला. "तितं पाइप फुटलाय. घोट्याएवढा चिखल हाय."

"नाही. जिथं निघाली तिथंच."

"आवो, पर तुमची पँट..."

"पँटीवर संशोधन नाही चाललंय."

मामी कळवळून म्हणाल्या, "बगा की जरा, दुसरी काडते. आमच्या भिशीतबी एकांदीला आडचन आसंल तर आमी परत काडतो." आणि मला भिशीच्या निकालांविषयी एक नवीच माहिती मिळाली.

आम्ही आत शिरलो. मी, मेव्हणा, एक कुदळ, एक खुरपं. उसात रांगणाऱ्या माणसाला पदव्या उपयोगी पडत नाहीत. पहिला खड्डा: शून्य. दुसरा: शून्य. तिसरा: शून्य. मी मोठ्यानं "शून्य!" म्हणायचो, आणि प्रत्येक शून्याला मेव्हण्याचा चेहरा उतरायचा. जणू पाहुण्यानं ताट तसंच ठेवून उठावं. पुढच्या खड्ड्यावर मी जरा पाणी प्यायला बाजूला झालो, तेवढ्यात तो ओरडला, "दाजी, हाय! एक हाय!"

खड्ड्यात वरच, मातीवर, एक हुमणी आरामात पडलेली. पुढच्यातही एक. त्याच्या पुढच्यात दोन. म्हणजे रान खरंच खाल्लेलं होतं, आणि टाकी उद्या येणार होती. मी मान वर केली तर समोर मेव्हण्याच्या सदऱ्याचा फुगलेला खिसा.

"खिशात काय आहे?"

"तंबाखू."

तंबाखू हलत होती.

मी खिशात हात घातला. लिंबाखालच्या मातीसकट पाच-सहा हुमण्या. तो इतका ओशाळला की मला रागावता येईना. "तसं न्हाय दाजी. तुमी बारामतीस्नं आला, चिखलात रांगताय, आन् हर खड्डा रिकामा. पाहुन्याला रिकाम्या हातानं कसं लावायचं? म्हनलं एकांदी-एकांदी घावली तर तुमालाबी बरं वाटंल."

उसात बसून मी इतका हसलो की बांधावरून आबांनी हाक मारली, "काय चावलं का?" हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते समजलं नाही. या घरानं मला आजवर कधीच रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. लिंबाखालची खुर्ची, चहाच्या टप्प्यातले खड्डे, आता ही खिशातली हुमणी. माझ्या सगळ्या चुका त्यांनी मायेनं केल्या होत्या. अक्कल तेवढी माझी मी वापरायची होती, ती मी घरी ठेवून आलो होतो.

"हे बघ," मी म्हणालो, "आज तू मला जितके रिकामे खड्डे देशील तितका मी श्रीमंत. आज मला शून्यच आहेरात पाहिजे."

त्याला हे पटायला थोडा वेळ लागला. पण एकदा पटल्यावर तो शून्यावर असा तुटून पडला की त्याला आवरायची पाळी आली. त्याचे हात लागलेले खड्डे आम्ही रद्द केले आणि मामींकडून नव्या चिठ्ठ्या मागवल्या.

उसात फोनला रेंज नाही. थोड्या थोड्या वेळानं मी विहिरीच्या काठावर चढून बाईंना आकडे सांगायचो. आतल्या रानाचे: "शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य..." बाई म्हणाल्या, "इथं उड्या नाहीत. अजून थोडे घ्या आणि थांबा." मग लिंबाकडच्या पट्ट्याचे: "अकरा, शून्य, दोन, चौदा, शून्य, नऊ..." बाई म्हणाल्या, "हे बघा, इथं घोळका आहे. इथं थांबू नका. पट्टा कुठं संपतो ते सापडेपर्यंत खणा." बांधावर तात्या होतेच. मी कुणाला तरी मोठ्यानं आकडे सांगतोय हे ऐकून त्यांनी आबांना हळूच विचारलं, "जावय मटकाबी खेळत्यात व्हय?"

ऊन उतरायच्या आत चित्र स्पष्ट झालं. लिंबापासून काही सऱ्यांपर्यंत, आणि पूर्वी जिथं शेणखताचा ढीग पडलेला असायचा त्या कोपऱ्यात, हुमणी गच्च होती. तिथून पुढं ती विरळ होत गेली आणि मग जवळजवळ नाहीशीच झाली. अगदी नाही, असं मी या वेळी म्हणालो नाही. म्हणालो, "आबा, आत असलीच तर किरकोळ. खाल्लाय तो एवढा कोपरा. सबंद रानाला औषध नको. पट्ट्यातल्या वेचू, आणि हुमणीला मारणारी बुरशी मिळते, ती तिथं ओलीत सोडू. दर पंधरवड्याला मी येऊन पुन्हा बघीन."

"नक्की?" आबांनी विचारलं. जावयाला "नक्की?" असं विचारण्याची त्या घरातली ती पहिली वेळ असावी. मला ते फार आवडलं.

"नक्की नाही," मी म्हणालो. "पण या वेळी पुरेसं."

आबांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. माझी चिखलाची पँट, कापलेले गाल, नखांतली माती. मग मेव्हण्याला म्हणाले, "पोरांना फोन लाव. म्हनावं, उद्या येऊ नगा." आणि ते उसात शिरले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेलो तर आतल्या एका सरीत उकिडवे बसून आम्ही घेतलेला एक खड्डा हातानं बुजवत होते. त्यात वर आलेलं एक गांडूळ त्यांनी आधी बाजूला केलं, माती लोटली, आणि मग ते वर सोडलं. गांडूळ मातीत शिरेपर्यंत बघत राहिले. मी गुपचूप मागं फिरलो.

कोपऱ्यातला ऊस त्या वर्षी गेलाच, ते खोटं कशाला सांगू. बुरशीनं काही मारल्या, आम्ही पुष्कळ वेचल्या, काही कोंबड्यांनी खाल्ल्या. बाकीचा ऊस उभा राहिला. मी शब्द दिल्याप्रमाणे दर पंधरवड्याला जात राहिलो, मामी चिठ्ठ्या काढत राहिल्या, आणि गावात माझं नाव खड्डेवाले जावय पडलं. ते नाव मला माझ्या पदवीपेक्षा जवळचं वाटतं. लिंबाखालच्या त्या पाच भव्य खड्ड्यांत मामींनी, "खांदल्यात तर वाया कशाला घालवायचं," म्हणून नारळ लावले. सावलीत तिघांनी मान टाकली, दोन अजून तग धरून आहेत. कोणी विचारलं की मामी सांगतात, "जावयाच्या आब्यासाचं हायती."

बाईंना मी मामींच्या हातची लसणाची चटणी बरणीभर नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडून आधी वास घेतला, मग म्हणाल्या, "वरवरची नाही घेणार. तळातून, मधून, कडेनं, सगळीकडून चाखून सांगते."

दिवाळीला सासरी गेलो. आहेराची वेळ आली. टॉवेल-टोपी झाली. मग आबा आत गेले आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन आले. मला वाटलं समई. उलगडलं तर नवं कोरं खुरपं. बाभळीची मूठ, माझ्या हाताच्या मापाची. मामी कावल्या, "आवो, जावयाला कुनी खुरपं देतं का? मान्सं काय म्हनतील?"

"म्हनू दे की," आबा म्हणाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्या येरवाळी उठा. खालच्या रानात बगायचंय. चहा आल्याव मिळंल."